मिरचीतील बुरशी, रक्तातील अल्ब्युमिन आणि मूत्रपिंड

हंगेरीच्या दक्षिणेला, क्रोएशियाच्या सीमेजवळ असलेल्या पेच या शहरात मी सध्या संशोधन करते. माझ्या कामाचा विषय आहे ऑक्राटॉक्सिन-ए हे विष. ठाण्यात त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल, पण गहू, कॉफी, बेदाणे आणि लाल मिरची यांत ते जगभर आढळते. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींच्या काही जाती ते तयार करतात. १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले आणि पुढे डेन्मार्कमधील डुकरांच्या मूत्रपिंडाच्या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला.

“धान्यात किलोमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश, किती गं ते! त्याची एवढी काय काळजी करायची?” असे नौपाड्यातील माझ्या मावशीने फोनवर विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विषाच्या मात्रेपेक्षा त्याच्या मुक्कामात आहे. रक्तात शिरलेल्या ऑक्राटॉक्सिनपैकी ९९ टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. मूत्रपिंडाची गाळणी अल्ब्युमिनला सहसा बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे त्याला धरून बसलेले विषही लघवीवाटे सहजी बाहेर पडत नाही. एका स्वयंसेवकावर झालेल्या अभ्यासात रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ३५ दिवस लागले. म्हणजे आजच्या जेवणातून आलेले विष शरीरात असतानाच पुढच्या जेवणातले त्यात मिसळत राहते.

जो थोडा अंश मोकळा असतो, तो मूत्रपिंडातल्या पेशींपर्यंत पोहोचतो. गाळणीनंतर सुरू होणाऱ्या नलिकेतील पेशींवर, रक्ताच्या बाजूला, ओएटी-१ आणि ओएटी-३ ही वाहक प्रथिने असतात. पेनिसिलिनसारखी औषधे आणि शरीराला नको असलेले ऋणभारित पदार्थ रक्तातून उचलून लघवीत सोडण्याच्या कामी ती येतात. ऑक्राटॉक्सिनवरही ऋणभार असल्याने ती त्यालाही तितक्याच तत्परतेने पेशीत घेतात, आणि तिथे त्याचे प्रमाण वाढत जाते. प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात, आणि त्यांपैकीच फेनिलॲलनिन या एका आम्लाचा तुकडा त्याच्या रेणूत असतो, त्यामुळे पेशीतील प्रथिने बनवण्याच्या कामातच तो अडथळा आणू शकतो. शरीर स्वच्छ ठेवण्यासाठी असलेली यंत्रणाच विषाला आत घेते, ही गोष्ट मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत अस्वस्थ करते.

प्रयोगशाळेत आम्ही विषाची अल्ब्युमिनला चिकटण्याची क्रिया प्रकाशाने मोजतो. अतिनील किरणांखाली ऑक्राटॉक्सिन निळसर चमकते. मोकळा रेणू द्रावणात भराभर गिरक्या घेतो, पण दीडशेपटीहून जड अल्ब्युमिनला चिकटला की पायात ओंडका अडकवलेल्या गुरासारखा मंदावतो, आणि हा फरक प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्या चमकेची कंपने कितपत एकाच दिशेत राहतात यात, दिसतो. क्वार्ट्झच्या बोटभर क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीत, दुसरा एखादा पदार्थ टाकल्यावर पडद्यावरचा ध्रुवीकरणाचा आकडा उतरू लागला, की त्या पदार्थाने विषाला अल्ब्युमिनवरून हुसकावले असे समजावे. भाज्या-फळांतील फ्लॅव्होनॉइड नावाची काही नैसर्गिक रसायने आणि काही औषधे हे करू शकतात. ते चांगले की वाईट, हे मात्र एका वाक्यात सांगता येत नाही, कारण मोकळे झालेले विष शरीराबाहेर लवकर जाऊ शकते, तसेच पेशींमध्येही अधिक शिरू शकते.

या भागात अशा बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये याचा धडा आधीच मिळालेला आहे. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही बाल्कन गावांत पिढ्यानपिढ्या दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचा दोष अनेक वर्षे ऑक्राटॉक्सिनवर ठेवला जात होता. आज मात्र गव्हात मिसळणाऱ्या एका रानवनस्पतीच्या बियांतील ॲरिस्टोलोकिक आम्ल हेच त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

हंगेरीत शरद ऋतूत घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घालण्याची पद्धत आहे. त्या पाहिल्या की आपल्याकडच्या मे महिन्यातल्या गच्च्या आठवतात. युरोपीय संघात सुक्या मिरचीसाठी ऑक्राटॉक्सिनची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. प्रक्रिया न केलेल्या गव्हासाठी ती ५ आहे, तर भारतात गव्हाला २० चालते. आपल्याकडे गहू रोजच्या पोळीत असतो, त्यामुळे आपली मर्यादा खाली यायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर घरी करण्यासारखे बरेच आहे. हे विष उकळण्याने जात नाही, परतण्याने पूर्ण नष्ट होत नाही, आणि बुरशी मेली तरी ते मागे राहते. म्हणून सारा भर वाळवण्यावर हवा. जांभळी नाक्यावरून बेडगी किंवा संकेश्वरी आणल्यावर ती पाऊस तोंडावर येण्याआधी कडकडीत वाळवावी. डंकावरून आलेला मसाला पूर्ण निवल्याशिवाय बरणीत भरू नये, कारण कोमट मसाल्याची वाफ झाकणाखाली ओल धरते. आणि कुटायला देण्यापूर्वी मूठभर मिरच्या मोडून पाहाव्यात, कारण बाहेरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीच्या पोटातही बियांभोवती राखाडी बुरशी असू शकते. अशी मिरची सापडली तर तिचा चांगला दिसणारा भागही ठेवू नये.