पिशवीतलं पिल्लू, फडातलं पिल्लू

आमच्या बेडरूमच्या दाराच्या मुठीला एक पिशवी टांगलेली असते. आईच्या जुन्या सुती नऊवारीची, वाकळेसारखे धावदोरे घालून शिवलेली. व्हिडिओ कॉलवर आईनं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा खूश झाली, लुगडं सत्कारणी लागलं म्हणून. मग पिशवी हलली, आतून एक लांबडा कान बाहेर आला, आणि "अगं बाई, गाढव पाळलंस काय गं?" म्हणत आईनं फोन वहिनीच्या हातात दिला.

गाढव नाही, कांगारू. नाव भडंग. रंग तसलाच आहे आणि स्वभावही, एका जागी ठरत नाही.

सिडनीपासून गाडीनं पाचेक तास आत डब्बो नावाचं गाव आहे, तिथं आम्ही राहतो. नवरा दवाखान्यात नोकरीला. पहिल्या वर्षी मी नुसती बसून होते. इथल्या हायवेला दिवस मावळताना आणि उजाडताना कांगारू आडवी येतात. रस्त्याकडेला मेलेली कांगारू दिसणं म्हणजे आपल्याकडं मेलेलं कुत्रं दिसण्याइतकं नेहमीचं. त्यातल्या काहींच्या अंगावर स्प्रेनं मोठी फुली मारलेली असायची. मला वाटायचं, नगरपालिकेनं उचलायला खूण केली असेल. शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी खरं काय ते सांगितलं. फुली म्हणजे "या मादीची पिशवी तपासून झाली आहे." आई गाडीखाली मेली तरी पिशवीतलं पिल्लू पुष्कळदा जिवंत असतं. त्या बाई वीसेक वर्षं असली पिल्लं वाढवून सोडून देतात. मी त्यांच्या मागं लागले, रीतसर प्रशिक्षण घेतलं, संस्थेची सभासद झाले. इथं परवाना असलेल्या संस्थेमार्फतच हे काम करता येतं, हौस म्हणून पिल्लू उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे.

कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा शेंगदाण्याएवढं असतं, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. आंधळं, बिनकेसाचं. ते आपलं आपण आईच्या पोटावरून चढत पिशवीत जातं आणि एक सड तोंडात धरतं. सडाचं टोक तोंडात फुगतं आणि पुढं कितीतरी महिने ते सुटतच नाही. मेलेल्या आईपासून असलं पिल्लू ओढून काढलं तर त्याचं तोंड फाटतं. म्हणून सड आईच्या बाजूनं कापायचा, पिल्लाच्या तोंडात तसाच ठेवायचा, आणि पिल्लानं गिळू नये म्हणून त्याच्या दुसऱ्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती कापडाला अडकवायची. माझ्या बांगडीला कायम दोन पिना असतात, ही कोल्हापूरची सवय. एका रात्री हायवेवर गाडीच्या उजेडात बाईंनी हात पुढं केला, "पिन?" मी बांगडीची काढून दिली.

ते पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. इतकी लहान सहसा जगत नाहीत, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. पाय मोडलेलं मोठं कांगारू तर डॉक्टर बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतातच. मोडक्या पायानं ते रानात जगणार नाही आणि कुंपणात ठेवलं तर भीतीनंच मरेल. सुरुवातीला मला हे निर्दयपणाचं वाटायचं. आता नाही वाटत. पण सवयही झालेली नाही.

भडंग आला तेव्हा अंगावर मखमलीसारखी लव आली होती, म्हणजे आशेला जागा होती. असल्या पिल्लाच्या कामात क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर पचत नाही, मरतं. केस नसतील तर ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते, केस आले की २८. दूध गाईचं चालत नाही. त्यातली साखर यांना झेपत नाही, जुलाब लागतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. वेगळी पावडर मिळते. प्रत्येक दुधानंतर ओल्या कापसानं पुसून पुसून शी-शू करवायची, कारण आई ते चाटून करवते. रात्री दोनला उठून कांगारूचं बूड पुसताना मला माझी आजी फार आठवते. तिनं हे बघितलं असतं तर म्हणाली असती, घरच्या म्हशीचं कधी केलं नाहीस ते.

आणि लाड करायचे नाहीत, ही सगळ्यात अवघड गोष्ट. टीव्हीचा आवाज नाही, घरात कुत्रं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. ही जनावरं नुसत्या धसक्यानं मरतात. घाबरून धडपडल्यानं स्नायू आतून निकामी होतात आणि दोनचार दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना, जीव जातो. सिडनीहून आलेल्या एका मराठी कुटुंबाला मी सेल्फी काढू दिला नाही. पुरणपोळी खाऊन गेले, पण अजून रुसलेत.

थोडं मोठं झालं की पिल्लाला त्याच्यासारख्या दुसऱ्या पिल्लांत घालायचं, एकटं वाढवायचं नाही. मग रानाला लागून असलेल्या मोठ्या कुंपणात. एक दिवस फाटक उघडं ठेवायचं आणि परत लावायचंच नाही. जातात, दुधाला परत येतात, परत जातात, आणि मग यायची थांबतात. याला साधारण दीड वर्ष लागतं. पलीकडच्या शेतावरचा माणूस मला हसतो. त्याच्या गव्हात हीच कांगारू शिरतात. या राज्यात कांगारू संरक्षित आहे आणि ठरलेल्या संख्येपुरतं परवान्यानं मारून त्याचं मांसही विकलं जातं. एकीकडं मी रात्री उठून बाटली पाजायची आणि दुसरीकडं हे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. दाजीपूरकडच्या आमच्या पाहुण्यांच्या भातात गवे शिरल्यावर ते काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे.

तर जानेवारीतल्या एका रात्री साडेनऊला दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी भडंगचं दहाचं दूध कोमट करत होते. तिकडं दुपारचे चार. करवीर तालुक्यातल्या आमच्या उसाला तोड आलेली, ऊसतोड मजुरांची टोळी फडात उतरलेली. दादा धापा टाकत होता.

"अगं, टोळीला फडात तीन पिल्लं घावल्यात. बिबट्याची हाईत म्हणालेत सगळी. गाव गोळा झालंय. काय करू सांग."

"दादा, शेपूट दाखव."

"शेपूट?"

"दाखव तर."

शेपूट आखूड, टोकाकडं काळपट वलयं. अंगावर पुसट पट्टे, बिबट्याच्या पिल्लाला असतात तसले दाट ठिपके नाहीत, कान मोठे. बाऊल. म्हणजे रानमांजर, उसातलं नेहमीचं. दादाचा चेहरा जरा पडला, बिबट्या म्हटलं की गावात वजन राहतं.

मी नऊ वर्षांची असताना आजोबांच्या फडात अशीच तीन सापडली होती. आम्ही ती घरी आणून कोंबडीच्या डालग्यात ठेवली. पाळीपाळीनं मांडीवर उताणी धरून म्हशीचं दूध पाजलं, कापसाच्या बोळ्यानं. चार दिवसांत तिन्ही गेली. दृष्ट लागली म्हणाले सगळे. उताण्या पिल्लाच्या तोंडात दूध पिळलं की ते फुफ्फुसात जातं, हे मला डब्बोला येऊन कळलं. शेवग्याखाली पुरली होती, जागा अजून दाखवू शकते.

म्हणून मी दादाला भराभर सांगायला लागले. दूध नको. घरी न्यायचं नाही. १९२६ ला फोन लाव, वनखात्याचा नंबर आहे. १९७२ चा कायदा आहे, असं जनावर हाती आलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. भडंगचं दूध ओट्यावर गार होत होतं. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. बीडच्या टोळीतली, डोक्याला टॉवेल बांधलेली, हातात कोयता. पलीकडं बांधावरच्या बाभळीला तिच्या बाळाची झोळी हलत होती.

"आवो मालक, मघाधरनं सांगाया लागलेय, हात नका लावू. माय येती तिची रातच्याला. व्हती तिथं ठिवा."

माझं प्रशिक्षण, माझी पावडर, माझा थर्मामीटर. बाईनं कोयता खांद्यावर टाकला आणि पाणी प्यायला गेली.

भडंगला आई नाही म्हणून त्याला माझ्या दाराची मूठ लागते. या तिघांची आई शंभर पावलांवर उसात बसून सगळा तमाशा बघत असणार. वनरक्षक आले, त्यांनीही तेच सांगितलं. टोमॅटोचं एक क्रेट आडवं करून, त्यात पाला घालून, पिल्लं जिथं सापडली त्याच सरीत ठेवली. आजूबाजूचा दोन गुंठे ऊस उभा सोडायला लावला. गावातली कुत्री बांधली. गर्दी पांगवायला मात्र तास लागला, कोल्हापूर आहे ते.

सकाळी दादानं फोटो पाठवला. क्रेटमध्ये एकच पिल्लू. मला दिवसभर चैन नाही. दोन नेली आणि हे का ठेवलं? अशक्त असेल का? टाकलं का त्याला? मी वनरक्षकांना विचार म्हणून दादाचं डोकं खाल्लं. ते म्हणाले, अजून एक रात्र थांबा. तिसऱ्या दिवशी रिकामं क्रेट, पाला इकडंतिकडं विस्कटलेला, आणि ओल्या मातीत सरीच्या कडेनं गेलेले मांजरीचे ठसे. दादानं शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला होता, माप कळावं म्हणून.

टोळी तोवर पुढच्या फडावर गेली होती. उभा राहिलेला तो दोन गुंठे ऊस तोडायला परत तोड मिळावी म्हणून दादा बारा दिवस कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरला. शेवटी जनावरांना वैरण म्हणून घातला. फोन केला की अजून पहिलं वाक्य तेच असतं, "माझ्या उसाचं पैसं कधी पाठवतीस?"