सोळा नंबर

घरी येणाऱ्याची नजर बैठकीच्या खोलीतल्या लाल जर्सीवर जातेच. पाठीवर १६, वर कॉन्स्टँटिनोव. अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा बचावपटू. डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्यांना हा कोण ते सांगावं लागत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. 'त्याच संघात यझरमन होता, फेडोरोव होता, लिडस्ट्रॉम होता. मग तुम्ही ह्यालाच का धरून बसलात? त्या अपघातामुळेच ना?' गणपतीच्या पंगतीत हे विचारून झालं, कंपनीच्या कँटीनमध्ये विचारून झालं, आणि परवा शिकागोहून माझ्या मुलीनेही फोनवर विचारलं. इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो: 'नाही, खेळामुळे.' त्यावर समोरचा समजूतदारपणे मान हलवतो. ती मान मला सहन होत नाही. म्हणून आज सगळंच सांगतो.

आधी खेळ, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव मुर्मान्स्कचा, १९६७चा. म्हणजे माझ्याच वयाचा. इथल्या हॉकी लीगमधले संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९८९च्या निवडीत डेट्रॉईटने लिडस्ट्रॉमला ५३व्या क्रमांकावर घेतलं, फेडोरोवला ७४व्या आणि याला २२१व्या. गुणांनी तो २२१वा नव्हता. मॉस्कोच्या लष्करी क्लबाचा, त्सेस्काचा तो खेळाडू, म्हणजे गणवेशातला माणूस, आणि सोव्हिएत सैन्यातून माणूस सोडवून आणता येईल असा भरवसा कुणाला होता? शेवटी मॉस्कोतल्या डॉक्टरांना पैसे चारून त्याला कर्करोग असल्याचे कागद करवले, हे त्याला इकडे आणणाऱ्यांनीच पुढे उघड सांगितलं. १९९१ साली तो आला तेव्हा तीन जागतिक अजिंक्यपदं त्याच्या नावावर होती. दोन वर्षांनी मी आलो, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयमध्ये, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. संध्याकाळी खोलीत टीव्हीशिवाय कुणी नाही. टीव्हीवर हॉकी.

चिपळूणला आमच्या घरामागेच कबड्डीचं मैदान. माझे वडील, अण्णा, दिवसा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि संध्याकाळी डावा कोपरा. चांगला कोपरारक्षक चढाईला आलेल्याच्या तोंडाकडे बघत नाही. त्याचा भार कुठल्या पायावर आहे ते बघतो. त्याला थोडी जागा देतो, आपण बेसावध आहोत असं वाटू देतो, आणि त्याने पाय आत टाकला की घोटा धरतो. कॉन्स्टँटिनोव बर्फावर नेमकं हेच करायचा. कडेच्या फळीलगत फट मोकळी ठेवायचा. समोरचा पक, म्हणजे हॉकीची ती रबरी चकती, घेऊन त्या फटीतून निघाला की हा खाली वाकून कंबर आडवी घालायचा, आणि तो माणूस त्याच्या पाठीवरून उलटा होऊन पलीकडे पडायचा. हिप चेक म्हणतात त्याला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खोलीत एकटाच ओरडलो होतो, 'पकड!'

तो नुसता पाडणारा होता असं जे म्हणतात त्यांच्याशी मी आजही भांडेन. २७ ऑक्टोबर १९९५ला कॅलगरीत प्रशिक्षक स्कॉटी बोमनने पाच रशियन एकदम बर्फावर उतरवले: लारियोनोव, फेडोरोव, कोझलोव पुढे आणि फेतिसोव, कॉन्स्टँटिनोव मागे. डेट्रॉईट ३-० जिंकलं. त्या पाच जणांनी पक असा फिरवला की बघताना श्वास रोखला जायचा. इथली रीत म्हणजे पक पुढे फेकायचा आणि त्याच्यामागे धावायचं. हे पाच जण वाट दिसली नाही तर सरळ मागे वळायचे, पुन्हा मांडणी करायचे, आणि पक सोडायचेच नाहीत. त्या मोसमात संघाने ६२ सामने जिंकले. बरोबरीच्या संख्येने खेळ चालू असताना तुम्ही बर्फावर असाल आणि तुमच्या संघाचा गोल झाला तर एक अधिक, तुमच्यावर झाला तर एक वजा, असा हिशेब ठेवतात. कॉन्स्टँटिनोवचा त्या वर्षीचा हिशेब अधिक ६०. अख्ख्या लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात दुसरा. सहा मोसम, ४४६ सामने, ४७ गोल. एवढंच त्याचं इथलं करिअर, आणि त्यातलं मी टीव्हीवर सापडलं तेवढं सगळं पाहिलं.

ही जर्सी मी १९९६ साली घेतली. अपघाताच्या आधी. हे मी प्रत्येकाला ठासून सांगतो.

पण त्या वेळच्या माझ्याशी माझं एक भांडण आहे. तो ओरडणारा मी, पडलेला माणूस उठतोय की नाही हे बघत नव्हतो. रीप्लेमध्ये त्याची हेल्मेट बर्फावर आपटताना दिसायची आणि मी पुन्हा ओरडायचो. डोकं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. डोक्यात काय काय असतं, त्यातलं काय काय एका धक्क्याने जातं, हे सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मला कोण सांगणार होतं? सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

१३ जूनचा तो अपघात इथे सगळ्यांना माहीत आहे. ७ जून १९९७ला ४२ वर्षांनी लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅनली कप आला, १०ला वुडवर्ड अॅव्हेन्यूवर मिरवणूक निघाली, मी त्या गर्दीत होतो. तीन दिवसांनी त्याच वुडवर्डवर, वर बर्मिंगहॅम उपनगरात, कॉन्स्टँटिनोव आणि साथीदारांची भाड्याची लिमोझीन झाडावर आदळली. दारू प्यायल्यावर गाडी चालवायची नाही म्हणून त्यांनी ती मागवलेली, आणि चालकाचा परवाना आधीच निलंबित झालेला. फेतिसोव वाचला. कॉन्स्टँटिनोव आणि संघाचे मालिश करणारे सेर्गेई म्नात्साकानोव यांच्या डोक्याला जबर मार लागला, आणि दोघंही पूर्ववत झाले नाहीत. सोमवारी ऑफिसात कुणी धड बोलत नव्हतं. एवढंच.

खरं सांगायचंय ते पुढच्या वर्षाचं. १९९८च्या उन्हाळ्यात आई-अण्णा पहिल्यांदा अमेरिकेला आले. १६ जूनला वॉशिंग्टनमध्ये अंतिम फेरीचा चौथा सामना होता, जिंकला की सलग दुसरा कप. मी अण्णांना मुद्दाम शेजारी बसवलं. नियम समजावले. त्यांना खेळ आवडला. 'ह्यांना दम लागत नाही का रे?' असं दोन-तीनदा म्हणाले. सामना संपला, कर्णधार यझरमनने कप घेतला आणि तो थेट व्हीलचेअरवर बसलेल्या कॉन्स्टँटिनोवच्या मांडीवर ठेवला. फेतिसोव, लारियोनोव आणि बाकीचे ती खुर्ची ढकलत बर्फावर फिरले. त्याने एक बोट वर केलं. मी रडत होतो. आईही पदर लावून बसली होती.

अण्णा म्हणाले, 'त्याला विचारलं होतं का?'

मला राग आला. मी म्हणालो, 'अण्णा, हा मान आहे. वर्षभर त्यांच्या जर्सीवर त्याच्यासाठी "विश्वास ठेवा" असं दोन भाषांत लिहिलेलं होतं. त्या कपावर त्याचं नाव कोरणार आहेत, एकही सामना न खेळता.' पुढे कोरलंही. अण्णांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, 'मान देणाऱ्याला बरं वाटतं. माझ्यावर अशी वेळ आली तर मला मैदानावर न्यायचं नाही. लोकांनी मला उभा बघितलाय.' मी त्यांच्याशी तासभर वाद घातला. तुम्ही जुन्या वळणाचे, तुम्हाला अपंगत्वाची लाज वाटते, असं काहीबाही बोललो. ते उठून झोपायला गेले.

२००४ साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक शब्द उरला: 'हो'. चहा हवा? हो. दुखतंय? हो. मी कोण, ओळखलंत? हो. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की असा एखादा शब्द मागे राहतो. माणसाला म्हणायचं वेगळं असतं, तोंडातून तोच येतो. हसण्यावरून, भुवईवरून आई बरंच काही ओळखायची. मला ते कधीच जमलं नाही. वर्षातून तीन आठवडे येणाऱ्याला कसं जमणार?

२००६च्या जानेवारीत मी गावी होतो. कबड्डी मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता, जुन्या खेळाडूंचे सत्कार होते. मंडळाची पोरं घरी आली. 'दादा, अण्णांना खुर्चीवरून नेऊ. आम्ही चौघं उचलतो. दोन मिनिटांचं काम.' मी आत गेलो. 'अण्णा, मैदानावर जायचं का?' 'हो.' 'की नको?' 'हो.' मी दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. काही कळलं नाही. शपथेवर सांगतो, काही कळलं नाही.

मी बाहेर येऊन पोरांना नाही म्हणालो. अण्णांनीच मला सांगून ठेवलंय, असं म्हणालो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोरं गेल्यावर म्हणाली, 'ते बोलले तेव्हा धडधाकट होते. धडधाकट माणसाचं बोलणं आता ह्यांच्यावर कशाला लादतोस?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ वर्षांपूर्वी अमेरिकेत मी हेच त्यांना ऐकवत होतो. आता त्यांचीच बाजू घेऊन मी त्यांना घरात ठेवत होतो.

संध्याकाळी मैदानावरचा कर्णा घरात स्पष्ट ऐकू येत होता. अण्णांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. ते छताकडे बघत होते. मग सामने सुरू झाले, आणि पंचांची शिट्टी वाजली की त्यांचा डावा पाय चादरीखाली हलायचा. प्रत्येक शिट्टीला नाही. मी मोजत बसलो होतो. रात्री दहाच्या सुमारास पोरं शाल आणि नारळ घेऊन घरी आली. शाल आईने पांघरली. नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. तो त्यांनी डाव्या हाताने धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही. मी एकदा घ्यायला गेलो तर बोटं घट्ट झाली.

त्यांना जायचं होतं, असा याचा अर्थ का? आई म्हणायची, हो. मला वाटतं, बरं झालं नेलं नाही म्हणून तो नारळ त्यांनी तेवढ्या निवांतपणे धरला. दुसऱ्या दिवशी मला याच्या उलट वाटायचं. अण्णा २००९ साली गेले.

त्या रात्रीनंतर मी वॉशिंग्टनचं ते चित्रण किती वेळा पाहिलं असेल. कॉन्स्टँटिनोव बोट वर करतो. मी त्याच्या चेहऱ्यात 'हो' शोधतो, आणि मग कुठल्या प्रश्नाचं 'हो' तेच कळत नाही. १९९८ साली मला जो निव्वळ मान वाटला होता त्यात आता मला अण्णांचं वाक्य ऐकू येतं. तरी तो क्षण कुणी चूक म्हटला तर मी चिडतो. हे दोन्ही माझ्यात आहे आणि मी ते मिटवू शकलेलो नाही.

मध्ये आणखी एक झालं. २०१९च्या कायद्याने मिशिगनमध्ये अपघातग्रस्तांच्या आयुष्यभराच्या विम्याला कात्री लागली, आणि २०२२मध्ये बातम्या आल्या की कॉन्स्टँटिनोवला चोवीस तास सांभाळणारी माणसं ठेवणं घरच्यांना परवडेनासं होणार. लोकांनी पैसे गोळा केले, मीही दिले. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुन्या अपघातांना ही कात्री लागू नाही. त्या वर्षभरात मला 'अपघातामुळेच ना?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. ज्यांनी विचारला त्यांच्यापैकी एकानेही अधिक ६० म्हणजे काय हे विचारलं नाही. माझा राग त्याचा आहे. माणूस खुर्चीत बसला की आधीची सगळी वर्षं त्या खुर्चीची प्रस्तावना होतात. अण्णांना भेटायला येणारेही दारातच म्हणायचे, 'काय कोपरा खेळायचे हो अण्णा!' आणि अण्णा आत ऐकत असायचे.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. जर्सी १९९६ची, हे खरं. पण दहा वर्षं ती कपाटात होती, बाकीच्या कपड्यांखाली. भिंतीवर लावली ती २००६च्या फेब्रुवारीत, चिपळूणहून परत आल्यावर, पहिल्याच शनिवारी. खिळा ठोकताना बायकोने विचारलं, आजच का? मी म्हणालो, जागा रिकामी होती.

परवा मुलीलाही मी फोनवर 'खेळामुळे' असंच सांगितलं. तिला आता हे पाठवतो आहे.