लाइन घराखालून जाते, मग तिची फाइल बंद का?

गॅस पाइपलाइनची माहिती लोकांना द्या म्हटलं की लगेच उत्तर येतं, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. आहेच, मी नाही म्हणत नाही. कंट्रोल रूमची सिस्टिम कशी चालते, कुठला व्हॉल्व्ह रिमोटने बंद होतो, हे नेटवर टाकायची काही गरज नाही. पण या एका शब्दाखाली बाकीचं सगळंच झाकतात, ते मला अजिबात पटत नाही.

कॅलिफोर्नियातलं सॅन ब्रुनो बघा. ९ सप्टेंबर २०१० ला संध्याकाळी सहानंतर वस्तीखालची ३० इंची लाइन फुटली, आग एवढी मोठी की एअरपोर्ट जवळ असल्यामुळे लोकांना वाटलं विमानच पडलं, आठ माणसं गेली, ३८ घरं जळून गेली आणि गॅस बंद व्हायला ९५ मिनिटं लागली. शहराच्या फायर चीफलाच माहीत नव्हतं की इथून एवढी मोठी लाइन जाते! मग एनटीएसबीच्या, म्हणजे अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाच्या, चौकशीत निघालं काय, तर लाइन जिची होती त्या पीजी अँड ई कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तो १९५६ चा पाइप बिनजोडाचा (सीमलेस) म्हणून लिहिलेला, आणि प्रत्यक्षात त्याला लांबीभर वेल्डिंगचा जोड, तोही आतल्या बाजूने केलेलाच नाही.

बाहेरच्या कुणी ते रेकॉर्ड बघितलं असतं तर चूक सापडलीच असती असं नाही. पण बघणार कसं? कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कायद्याचं ५८३ कलम असं, की कंपनीने कमिशनला, म्हणजे अशा गॅस-वीज कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेला, दिलेली बहुतेक माहिती कमिशनच्या आदेशाशिवाय बाहेर द्यायची नाही, आणि कमिशनच्या माणसाने दिली तर तो गुन्हा. मग कुठला अधिकारी तोंड उघडेल? २०१८ पासून कमिशनचा नवा नियम, जनरल ऑर्डर ६६-डी, आला, त्यात नेमका कुठला भाग गुप्त ठेवायचा आणि कुठल्या आधारावर, हे कंपनीनेच लिहून द्यायचं. हे बरोबर आहे, ज्याला लपवायचंय त्याने कारण द्यावं.

नकाशाचंही तसंच. २००१ च्या ९/११ नंतर अमेरिकेतला पाइपलाइनचा सरकारी नकाशा लोकांसाठी बंद झाला, नंतर परत उघडला तो असा की एका वेळी एकच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) दिसते आणि ठराविक मर्यादेपुढे झूमच होत नाही. आणि तिकडे जमिनीवर त्याच लाइनवर कायद्यानेच मार्करचे खांब लावायचे, त्यावर ‘वॉर्निंग’ आणि कंपनीचं नाव, फोन नंबर. घातपात करणाऱ्याला तो खांब दिसणार नाही का? अडतो तो फक्त घर घ्यायच्या आधी खाली काय आहे हे बघू पाहणारा माणूस.

पाइप कुठल्या साली टाकला, जोड कसला, प्रेशर टेस्ट कधी झाली, मागच्या तपासणीत काय सापडलं आणि ते दुरुस्त केलं का, एवढं तरी लाइनच्या वर राहणाऱ्यांना मागितल्यावर मिळायला पाहिजे. आणि फायर ब्रिगेडला तर न मागता, पाइपचा व्यास, आतला दाब, फुटला तर किती अंतरापर्यंत धोका, सगळं. फायर ब्रिगेडचं हे एनटीएसबीने २०११ मध्येच सांगून ठेवलंय.