मॅनकॅटोची फाशी आणि त्यामागची उधारीची वही

मॅनकॅटो हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं, मिनिआपोलिसहून दीडेक तासावरचं गाव, वाटेत दोन्हीकडे नुसता मका आणि सोयाबीन, मुद्दाम जावं असं तिथे काही नाही असं इथली बहुतेक देसी मंडळी सांगतील. पण सासऱ्यांना इतिहासाचं वेड, ते म्हणाले मॉल ऑफ अमेरिका तुम्ही फिरा, मला त्या रेड इंडियन लोकांचं पुढे काय झालं ते दाखवा. मग गेलो. पब्लिक लायब्ररीसमोर छोटंसं रिकन्सिलिएशन पार्क आहे, चुनखडीच्या दगडातला मोठा पांढरा बायसन आणि जवळच एक स्मारक, त्यावर 38 नावं. 26 डिसेंबर 1862 ला, म्हणजे ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी, या 38 डकोटा पुरुषांना इथे एकदम फाशी दिलं. डकोटा म्हणजे या भागातले मूळचे रहिवासी. सरकारने एकाच वेळी इतक्या जणांना फासावर चढवल्याचं दुसरं उदाहरण अमेरिकेत नाही.

आता ही फाशी ज्या प्रकरणातून झाली त्याला सगळे युद्ध म्हणतात आणि ते होतंच, पण मला विचाराल तर हे प्रकरण मुळात सावकारीचं आहे.

1851 मध्ये इथून जवळच, सेंट पीटरपाशी ट्रॅव्हर्स दे सू म्हणून जागा आहे तिथे, आणि नंतर मेंडोटाला असे दोन करार झाले आणि डकोटांनी साधारण 2.4 कोटी एकर जमीन सरकारला दिली, बदल्यात दरवर्षी ठराविक पैसे आणि राहायला मिनेसोटा नदीकाठचा एक पट्टा. ट्रॅव्हर्स दे सूला करारावर सही झाल्यावर लगेच सरदारांपुढे आणखी एक कागद सरकवला गेला, त्यात व्यापाऱ्यांची उधारी आमच्या पैशातून परस्पर फेडा असं लिहिलेलं होतं, आणि यातल्या बऱ्याच जणांना आपण कराराचीच दुसरी प्रत सही करतोय असं वाटलं. उधारी किती ते व्यापाऱ्याच्या वहीत जे असेल ते! 1858 ला नदीच्या उत्तरेकडचा अर्धा पट्टाही गेला. शिकारीला जंगल उरलं नाही, त्यात 1861 चं पीक बुडालं, आणि 1862 च्या उन्हाळ्यात यादवी युद्धाच्या गडबडीत वॉशिंग्टनहून पैसे आलेच नाहीत. गोदामात धान्य होतं पण व्यापारी उधार देईनात. अँड्र्यू मायरिक नावाचा एक व्यापारी तर म्हणाला म्हणे की भूक लागली असेल तर गवत खा.

17 ऑगस्टला चार तरुण डकोटांनी ॲक्टनजवळ पाच गोऱ्यांना मारलं, सुरुवात कोंबडीच्या अंड्यांवरून झालेल्या बाचाबाचीतून झाली असं सांगतात, आणि रात्रीतून युद्ध ठरलं. सरदार लिटल क्रोला हे हरायचंच आहे हे कळत होतं तरी तो पुढे झाला. दुसऱ्या दिवशी मायरिक मारला गेला, त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं. आणि कमाल बघा, त्याच दिवशी 71,000 डॉलरचं सोनं फोर्ट रिजली या लष्करी ठाण्यावर पोचलं, डकोटांचे थकलेले पैसे!

यात मेलेले गोरे बहुतेक साधे शेतकरी, जर्मन, स्कँडिनेव्हियन, बायका-पोरं धरून शेकडो. न्यू उल्म नावाचं जर्मन गाव तर बरंचसं जळालं. त्या बिचाऱ्यांनी वहीत काही लिहिलं नव्हतं, पण ज्या जमिनीवर ते नांगर धरत होते ती कशी आली हे बहुतेकांना विचारावंसंही वाटलं नसेल.

सप्टेंबरअखेर सगळं संपलं आणि खटले सुरू झाले, 392 जणांचे, वकील नाही, काही तर पाच मिनिटांत उरकले. 303 जणांना फाशी. लिंकनने कागद मागवून घेतले आणि फाशीसाठी स्वतःच्या हाताने फक्त 39 नावं लिहून पाठवली, त्यातला एक नंतर वाचला. यावर सासरे म्हणाले, चला, अडीचशेच्या वर माणसं तरी वाचवली. मला तेवढं मोठं मन करता येत नाही, कारण त्या 38 मध्ये चास्का म्हणून एक जण होता, त्याने सेरा वेकफील्ड नावाच्या डॉक्टरच्या बायकोला आणि तिच्या मुलांना युद्धात सांभाळलं होतं, तिने कोर्टात तशी साक्षही दिली, त्याचं नाव यादीत नव्हतं, तरी तो लटकला. चास्का म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्यामुळे त्या नावाचे बरेच जण, आणि नावांचा घोळ झाला असं सरकारी उत्तर. सेराने शेवटपर्यंत ते मानलं नाही.

लढाईशी संबंध नसलेली सोळाशेच्या आसपास माणसं, जास्त करून बायका, मुलं, म्हातारे, यांना तो हिवाळा फोर्ट स्नेलिंगखाली कुंपणात काढायला लावला, त्यात 130 ते 300 जण गेले असा अंदाज आहे, उरलेल्यांना पुढच्या वर्षी राज्याबाहेर हाकललं. हा किल्ला आपल्या एअरपोर्टला अगदी खेटून आहे, लाईट रेलचं स्टेशन पण आहे, लेओव्हर मोठा असेल तर बघून होतो.

काही कुटुंबं मात्र हळूहळू परत आली. वीकेंडला आपली मंडळी प्रायर लेकच्या ज्या मिस्टिक लेक कसिनोत जातात ना, तो त्यांच्याच वंशजांचा आहे, शाकोपी मडेवाकांटन डकोटांचा. सासऱ्यांनी तिथे वीस डॉलर घालवले आणि जाऊ दे, त्यांचेच होते म्हणाले.