किचनरची लाइट रेल आणि आपला सांगली–मिरज रस्ता

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोच्या पश्चिमेला वॉटर्लू विभाग आहे. त्यातील किचनर आणि वॉटर्लू ही दोन शहरे सांगली-मिरजेप्रमाणेच एकमेकांना अशी लागून आहेत की, एकाची हद्द कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली, हे नवख्या माणसाला समजत नाही. तिसरे शहर केंब्रिज. ते जरा दक्षिणेला आहे आणि तेही मूळचे एक गाव नव्हे. गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर या गावांना १९७३ मध्ये एकत्र करून ते तयार झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ मध्ये एक महानगरपालिका झाल्यापासून ‘सगळा निधी त्यांनाच, आम्हाला काय?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना केंब्रिजकरांची तक्रार निराळी समजावून सांगावी लागणार नाही. २०२१ च्या जनगणनेत या संपूर्ण विभागाची लोकसंख्या ५ लाख ८७ हजार होती. आपल्या महापालिकेची २०११ मध्येच ५ लाखांच्या वर गेली होती. एवढ्याशा लोकवस्तीने रुळांवरची गाडी का बांधली, आणि तीच पुढे केंब्रिजपर्यंत न्यावी की तेथे बसवर भागवावे, हा येथील वाद माझ्या गावच्या लोकांपर्यंत पोहोचावा, असे मला मनापासून वाटते.

लाइट रेल म्हणजे मेट्रो नव्हे. ती उंच खांबांवरून किंवा भुयारातून न जाता बहुतांशी रस्त्याच्या पातळीवर, वरच्या तारेतून वीज घेऊन धावते, चौकात सिग्नलला थांबते, आणि तिच्या सुमारे ३० मीटर लांबीच्या एका गाडीत दोनशेच्या आसपास माणसे मावतात. येथील मार्गाचे नाव ‘आयॉन’. २१ जून २०१९ रोजी तो सुरू झाला. लांबी १९ किलोमीटर, स्थानके १९. खर्चाचा मंजूर आकडा ८१ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे आजच्या दराने साधारण ५,००० कोटी रुपये होता. त्यातील ३० कोटी डॉलरपर्यंतचा भार प्रांताने, २६ कोटी ५० लाखांपर्यंतचा केंद्र सरकारने आणि उरलेला स्थानिक विभागाने उचलायचा असे ठरले. स्थानिक वाटा शेवटी घरपट्टीतूनच येतो, त्यामुळे हा विषय प्रत्येक घरात पोहोचला आणि २०११ मध्ये विभागीय परिषदेने निर्णय घेईपर्यंत त्यावर कडाक्याची चर्चा झाली.

मला या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, रेल्वेच्या बाजूने उभे राहिलेल्यांचा मुख्य मुद्दा वेग हा नव्हताच. या विभागाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग जमिनीखालून येतो, आणि शहराबाहेर पडताच सुपीक शेती लागते, जिथे मेनोनाइट पंथाचे शेतकरी आजही घोडागाडीतून ये-जा करतात. शहर असेच पसरत राहिले तर ही शेती आणि पाणी मुरवणारी ही जमीन दोन्ही जातील, म्हणून शहराभोवती एक सीमारेषा आखून वाढ तिच्या आत, मधल्या जुन्या रस्त्यालगत वळवायची असे धोरण ठरले. रूळ हे त्या धोरणाचे साधन होते. बसचा मार्ग उद्या बदलता येतो, परंतु रूळ एकदा टाकले की ते तेथून हलणार नाहीत, या खात्रीवर बांधकाम व्यावसायिक स्थानकाजवळ इमारत उभारायला तयार होतो, असा हा तर्क. आज मार्गालगत उभ्या राहिलेल्या उंच इमारती पाहता तो बराच खरा ठरला असे म्हणावे लागते, जरी त्या इमारतींतील घरे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

त्याआधीची एक पायरी मात्र बाहेरच्या वाचकांच्या नजरेतून सुटते. या विभागाने आधी, २००५ मध्ये, याच पट्ट्यावर ‘आयएक्सप्रेस’ नावाची मोजके थांबे घेणारी जलद बस सुरू केली. प्रवासी या मार्गावर येतात की नाही, कोठे चढतात, कोठे उतरतात, हे त्या बसने वर्षानुवर्षे दाखवून दिले आणि मगच रूळ आले. रिकाम्या कागदावर प्रवाशांची संख्या मांडून कोणी रेल्वे मागितली नव्हती.

बांधकामाचा त्रास मोठा होता. गाड्या वेळेवर न मिळाल्याने २०१७ चे उद्घाटन २०१९ वर गेले. वॉटर्लूच्या मुख्य बाजारपेठेतील किंग स्ट्रीट खणून ठेवलेला असताना दुकानदारांची गिऱ्हाइके तुटली. त्याच खोदकामात २०१६ मध्ये रस्त्याच्या पोटात ओंडके आडवे रचून केलेला, वसाहतीच्या आरंभकाळातला जुना मार्ग सापडला आणि काम आणखी रेंगाळले. एक बाब मात्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने मला फार आवडते. वॉटर्लूच्या उत्तर भागात आयॉनने नवी वाट काढण्याऐवजी जुन्या मालवाहू लोहमार्गाचा उपयोग केला आहे. दिवसभर प्रवासी गाडी धावते आणि रात्री तिची वाहतूक थांबल्यावर मालगाडी जाते. परंतु मालगाडीचे डबे रुंद असल्याने ते फलाटाला घासतील, म्हणून स्थानकापाशी रुळांची दुसरी जोडी पहिलीत गुंतवून थोडी बाजूला सरकवली आहे. फलाटावर उभे राहून खाली पाहिले की चार रूळ एकमेकांत अडकवल्यासारखे दिसतात, आणि असलेले वापरून काम भागवण्यामागचा विचार लक्षात येतो.

आता केंब्रिज. पहिल्या टप्प्यात तेथे रूळ गेलेच नाहीत. किचनरमधील शेवटच्या स्थानकापासून केंब्रिजपर्यंत बस जाते आणि काही चौकांत तिला रांगेच्या पुढे काढणारी छोटी वेगळी मार्गिका दिलेली आहे. दुसऱ्या टप्प्यात सुमारे १८ किलोमीटर रूळ पुढे न्यायचे, ग्रँड नदीवर पूल बांधायचा, अशी योजना आहे. २०२१ मध्ये तिचा अंदाजित खर्च १३६ कोटी डॉलर सांगितला होता. २०२३ च्या अखेरीस तो ४५० कोटी डॉलरवर गेला, म्हणजे सुमारे २७,००० कोटी रुपये. साहजिकच ‘मग बसच का नको?’ हा प्रश्न पुन्हा पटलावर आला. काहींचे म्हणणे असे की, राखीव मार्गिकेतून धावणारी बस बहुतेक काम निम्म्याहून कमी पैशात करील. काहींना टोरांटोकडे जाणारी उपनगरी रेल्वे आधी हवी आहे. आणि केंब्रिजच्या अनेक नागरिकांना वाटते की किचनर-वॉटर्लूला रेल्वे देऊन आम्हाला बसवर समजूत घालणे हा अन्याय आहे. या शेवटच्या भावनेचे हिशेबात रूपांतर होत नाही, तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणारा निर्णय टिकत नाही, असे माझे मत आहे.

रेल्वेच्या बाजूचा आणखी एक मुद्दा येथे निर्णायक ठरतो, आणि तो नेमका आपल्याकडे लागू होत नाही. माझे मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते; निवृत्तीनंतर ते मिरजेत राहतात. त्यांना फोनवर मी आयॉनबद्दल सांगत होतो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “एका गाडीत दोनशे माणसं, मग ड्रायव्हर किती?” मी म्हणालो, “मामा, एकच.” ते म्हणाले, “मग तिकडं परवडत असंल. तिकडं पगार मोठे. हितं रूळ कशाला? ठरलेल्या टायमाला गाडी सोडा आणि चौकात तिला वाट द्या, माणसं वडापात कशाला बसतील?” येथील तज्ज्ञ जे अनेक पानांत मांडतात ते मामांनी दोन वाक्यांत सांगितले. कॅनडात बस चालवण्याच्या खर्चात चालकाच्या वेतनाचा वाटा फार मोठा असतो, त्यामुळे एका चालकामागे जास्त प्रवासी नेणारी गाडी दीर्घकाळात स्वस्त पडू शकते. आपल्याकडे भांडवल महाग आणि मनुष्यबळ तुलनेने स्वस्त, तेव्हा तोच हिशेब उलटा होतो.

म्हणूनच सांगली–मिरज पट्ट्यासाठी मी लाइट रेलची मागणी करणार नाही. तेथे रेल्वे नाही असेही नाही. मिरज आणि सांगली यांच्यामध्ये विश्रामबागचे स्टेशन आहेच, आणि संस्थानकाळातील मिरज–सांगली लोहमार्गाची आठवण स्टेशन चौकाच्या नावात अजून आहे. मागणी करायची ती राखीव मार्गिकेची, आणि ती आताच करायला हवी. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर गावभाग आणि मारुती चौकाकडून विश्रामबागच्या उंचावरील भागाकडे वस्ती सरकते आहे. पुष्पराज चौकापासून विलिंग्डन महाविद्यालय, वालचंद महाविद्यालय आणि पुढे मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत जाणारा हा एकच रस्ता विद्यार्थी, रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कुपवाडच्या एमआयडीसीकडे जाणारे कामगार यांना एकदमच वाहून नेतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या यात भर घालतात. शहर बस एसटी महामंडळाची आहे. ती याच गर्दीत अडकते, उशिरा येते, आणि उशिरा येते म्हणून माणसे वडाप धरतात किंवा कर्ज काढून दुचाकी घेतात, ज्यामुळे रस्ता आणखी भरतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. सातारा-सांगलीकडून पुण्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने कात्रज–स्वारगेट रस्त्यावरील बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, पाहिली आहे. २००६ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्या मार्गिकेत खासगी वाहने घुसत राहिली. रुळांवर कोणी सहसा गाडी लावत नाही; रंगाच्या पट्ट्यावर मात्र लावतो. राखीव मार्गिका राखण्याची यंत्रणा नसेल तर बीआरटीसाठी केलेला खर्च वाया जातो. म्हणून माझ्या मते मार्गिका रस्त्याच्या कडेला नको, मध्यभागी हवी. थांबेही मध्येच, बसच्या पायरीच्या उंचीचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आणि बाळाला कडेवर घेतलेल्या बाईला चढताना कसरत करावी लागणार नाही. तिकीट चढण्याआधी फलाटावर काढलेले असावे. किचनरमध्ये आयॉन थांबते तेव्हा सगळी दारे एकदम उघडतात, माणसे सरळ आत जातात आणि गाडी लगेच निघते. हा वेळ रुळांमुळे वाचत नाही, या मांडणीमुळे वाचतो, आणि ती मांडणी बसलाही लागू पडते.

हे पाहायला कॅनडात येण्याची गरज नाही. मिरजेहून रेल्वेने हुबळीला जाता येते. हुबळी-धारवाड हीसुद्धा जोडशहरेच, आणि त्यांच्यामधल्या सुमारे २२ किलोमीटरच्या रस्त्यावर २०१८ पासून ‘चिगरी’ नावाच्या बस मध्यभागी राखून ठेवलेल्या मार्गिकेतून धावतात. तेथेही तक्रारी आहेत, उरलेल्या रस्त्यावर कोंडी होते, पादचाऱ्यांना मधल्या थांब्यापर्यंत पोहोचणे सोपे नाही. आपल्या नगरसेवकांनी, महापालिकेच्या अभियंत्यांनी आणि एसटीच्या अधिकाऱ्यांनी एकत्र जाऊन सकाळच्या गर्दीत त्या बसमध्ये उभ्याने प्रवास करावा, चालकांना विचारावे की मार्गिकेत कोण घुसतो आणि त्याला कोण अडवतो, आणि परत आल्यावर विश्रामबागच्या चौकात रुंदी मोजायला घ्यावी. दोन्ही बाजूंची नवी बांधकामे पूर्ण होण्याआधी ती मोजली गेली तरच मध्यभागी जागा राखता येईल.