टाळूला फट असलेल्या लेकीला पाजताना : माझा अनुभव

लेक जन्मली तेव्हा ओठ-नाक छान, रडणं खणखणीत. त्यामुळे तोंडात कुणी नीट डोकावलंच नाही. अंगावर घेतली की ती थोडा वेळ चुळबुळ करायची, दमून झोपायची आणि लगेच परत रडायची. "आईला दूधच नाही," असा निकाल वॉर्डात लागून गेला. इकडे माझा ब्लाउज भिजत होता. शेवटी दूध तिच्या नाकातून आलं, तेव्हा डॉक्टरांनी जीभ दाबून टॉर्च मारला. टाळूच्या मागच्या मऊ भागात फट होती.

घरी ग्रहणाचा विषय निघणारच होता. "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" चुलत सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, ग्रहणाचं ठाऊक नाही, भाजी मात्र रोज चिरली. टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळायचा असतो, तो काही वेळा जुळत नाही. त्यात आईच्या विळीचा काही संबंध नाही.

मला खरा धीर आला तो डॉक्टरांच्या एका वाक्यानं : "तिला गिळता येतं, ओढता येत नाही." ओढायला तोंडाची पोकळी बंद व्हावी लागते. फटीतून हवा आत शिरते, मग ओढ लागणार कशी? म्हणजे दूध तोंडापर्यंत पोचवायचं काम आपलं, पुढचं तिचं.

मग हातानं दूध काढायचं आणि बोंडल्यानं पाजायचं, असं सुरू झालं. सासूबाईंनी हौसेनं चांदीचं नक्षीदार बोंडलं काढलं, पण नक्षीत साय अडकते. त्यापेक्षा साधं स्टीलचं बरं, उकळून स्वच्छ होतं. तिला जवळजवळ बसतं धरायचं, मानेला हाताचा आधार. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि थोडंसंच सोडायचं. गळा हलला की पुढचं. घाईनं ओतलं की ठसका. दुधाबरोबर हवाही बरीच जाते, म्हणून मध्येमध्ये थांबून ढेकर काढायची.

एक गोष्ट कुणीतरी आधीच ठणकावून सांगायला हवी होती : पाजणं अर्ध्या तासाच्या आत आटपायचं. तासभर झगडलं तर पोटात गेलेलं दूध त्या मेहनतीतच खर्ची पडतं. पुरतंय की नाही, हे रडण्यावरून नाही, वजनकाट्यावरून ठरवायचं. पहिल्या तीन महिन्यांत रोजची सरासरी वाढ २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास हवी. अंगणवाडीतला काटा आणि कार्डावरची वर चढणारी रेघ, यापुढे शेजारणींचं "किती वाळलीय!" मी ऐकूनच घेतलं नाही.

सहा महिन्यांनी वरचं खाणं. सगळे सांगत होते, पातळ पेज दे. आमच्याकडे उलटं झालं. पातळ सरळ नाकातून बाहेर, आणि दाटसर नाचणीचं सत्त्व किंवा गुरगुट्या भात मात्र छान जायचा. भातात घोटलेलं वरण आणि तूप, म्हणजे थोड्याच घासांत जास्त ताकद. बिस्किटं मी दूरच ठेवली. लगदा फटीत चिकटून बसतो. खाऊन झालं की उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं. वर्षाच्या आत मध नाही, हे तर कुठल्याच बाळाला नाही.

टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. भूल द्यायची तर वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही हवं. आम्हाला हिमोग्लोबिन किमान १० सांगितलं होतं. म्हणून लोहाचे थेंब न चुकता, आणि अंड्याचा बलक. पैशांची काळजी होती, ती आशाताईंनी मिटवली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेले ओठ आणि टाळू आहेत, तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. 'स्माइल ट्रेन' संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही हे ऑपरेशन मोफत होतं.

ज्यांची तारीख जवळ आली असेल त्यांनी बाळाला आधीपासून वाटीला ओठ लावून प्यायची सवय लावा. ऑपरेशननंतर टाके सांभाळायचे म्हणून आम्हाला बाटली आणि तोंडात खोल जाणारा चमचा, दोन्ही बंद केले होते. शेजारच्या खाटेवरचं बाळ बाटलीशिवाय थेंबही घेईना. आमची बाई स्टीलची वाटी दोन्ही हातांनी ओढून घेत होती, निम्मं दूध झबल्यावर सांडत.