झोक गेला, पडले नाही

नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल आहे. माळ्यावरची परात काढायला परवा त्यावर चढत होते, तर आई ओट्यापासून ओरडली, "अगं त्यावर नको, डुगडुगतंय ते!"

मी परात विसरून तिथेच उभी. डुगडुगतंय! यॉर्कशायरच्या एका हॉस्पिटलात सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय आणि तेव्हापासून 'वॉबल'ला नेमका मराठी शब्द शोधतेय. तो इथे स्टुलाच्या पायाशी बसला होता.

तिथे माझं अर्धं काम म्हाताऱ्या माणसांचं चालणं बघायचं आणि उरलेलं अर्धं ते इंग्रजीत लिहून ठेवायचं. बघणं कॉलेजात शिकले. लिहिण्याची मात्र पंचाईत. शाळेपासून जपलेल्या डिक्शनरीत वॉबल, टॉटर, स्टॅगर, टीटर यांच्यापुढे आलटून पालटून डगमगणे आणि लटपटणे एवढंच होतं. मला वाटायचं, चारांतला कुठलाही उचलला तरी चालेल.

पहिल्याच वर्षी तोंडावर आपटले. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींची मुलगी संध्याकाळी भेटायला आली, "आई कशी आहे?" म्हणाली. मी हसतमुखाने सांगितलं की सकाळी चालताना जरा स्टॅगर होत होत्या. बाईंचा चेहरा कडक झाला. "माझी आई नाताळला एक शेरी घेते. तेवढीच," म्हणाल्या. मला आधी काही कळेचना. नंतर सीनियरने बाजूला घेऊन सांगितलं. डोक्यावर फटका बसलेला किंवा पाठीवर मोठं ओझं असलेला माणूसही स्टॅगर होतो, पण नुसतं चालताना कोणी स्टॅगर होतंय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पबचं दार येतं. मी काय बोलले होते ते मग मराठीत म्हणून पाहिलं: "तुमची आई सकाळी झोकांड्या खात होती." शोभा! ठाण्यात कुणाच्या लेकीला हे बोलायची माझी हिंमत झाली नसती. परक्या भाषेत तोंडाला लगाम राहत नाही तो असा.

तेव्हापासून कागदावर 'अनस्टेडी ऑन हर फीट'. पायांवर स्थिर नाही, बस. त्यात कुणावर आळ नाही की कसलं चित्रही नाही.

बोलताना मात्र चित्र लागतंच. वॉबल म्हणजे बूड जागेवर आणि वरचं हलतंय: जेली, नवशिक्याची सायकल, आमचं स्टूल. मुलांचा पडायला आलेला दातही तिथे वॉबली असतो. आपण नुसतं 'दात हलतोय' म्हणतो. टॉटरमध्ये पावलं बारीक, तोल आता जातो की मग अशी अवस्था. बाळ टॉडल करतं, म्हणून ते टॉडलर. आपल्याकडेही बाळ दुडुदुडु चालतं आणि आजोबा लटपटतात. आजोबांना दुडुदुडु लावून बघा, काठीच उगारतील. 'डॉडरी' हा तसाच एक शब्द, म्हाताऱ्यांनी स्वतःबद्दल वापरला तर विनोद, आपण वापरला तर उद्धटपणा.

लर्च मला कुणी शिकवावा लागला नाही. मूळचा हा खलाशांचा, जहाज एकदम एका कुशीवर कलतं त्यासाठीचा. पण लोकल ठाण्यात शिरताना सांधा बदलते आणि दारातली अख्खी गर्दी एका अंगावर जाते, तो लर्च. आणि स्वे म्हणजे तालात डोलणं. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला लोकांसाठी उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. चालताना आपलं प्रत्येक पाऊल थोडं बाजूलाही रेटतं. त्या रेट्याने पूल किंचित हलला, तोल सावरायला लोक त्याच्याच तालात पावलं टाकू लागले, तसा तो आणखी हलू लागला. धक्के जिरवणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. ताल धरून हलणं म्हणजे खरं तर स्वेच, पण लोकांनी नाव पाडलं 'वॉबली ब्रिज'. पुलावरच्यांच्या गुडघ्यांना जे वाटलं तेच नाव टिकलं.

वॉबलने मला आणखी एकदा फसवलं. एक आजोबा म्हणाले, "काल रात्री मला जरा वॉबल आला." मी लगेच त्यांना आडवं करून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला, डोळे तपासले, चालवून पाहिलं. त्यांनी सगळं निमूट करू दिलं. शेवटी म्हणाले, काल बायकोचा वाढदिवस होता, गेल्या वर्षी ती गेली. हलून गेले होते बिचारे. दात हलतो तिथेही वॉबल, माणूस हलतो तिथेही वॉबल.

हे शब्द इतके चघळायचं कारण, पडलेल्या माणसाला आम्ही पहिलं विचारतो ते 'कसे पडलात?' ट्रिप म्हणजे पायात काहीतरी आलं, आपली ठेच. स्लिप म्हणजे घसरणं. घेरी आली असेल तर पुढच्या तपासण्या वेगळ्या, पायांतलं बळच गेलं असेल तर आणखी वेगळ्या. आणि माणसं तर पडणं कबूलच करत नाहीत. पडलो कुठे, जरा स्टम्बल झालो, म्हणतात. गालिच्यावर खापर फोडतात. गालिचा तर बोलत नाही.

या सुट्टीत दुसऱ्याच संध्याकाळी आईबरोबर तलावपाळीला फेरी मारत होते. मध्येच तिने माझा दंड घट्ट धरला.

"लटपटतेस का गं हल्ली?"

"लटपटायला काय धाड भरलीय मला? हा ब्लॉक वर आलाय, झोक गेला जरा."

मी चपलेने चाचपून पाहिलं. पेव्हर ब्लॉक सगळे सपाट होते.

घरी येऊन तिला खुर्चीत बसवलं. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आमच्या हॉलमध्ये तीन मीटर म्हणजे खुर्चीपासून फ्रिजपर्यंत. बारा सेकंदांहून जास्त लागले की आम्ही नीट तपासायला घेतो. आईला पंधरा लागले. "फ्रिजपाशी मुद्दाम थांबले, दूध आत ठेवलंय का ते बघायला," म्हणाली.

स्वतःच्या आईला मी व्यायाम शिकवले तर ती ऐकायची नाही, हे मला माहीत आहे. म्हणून इथल्याच एका फिजिओकडे नाव नोंदवायला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "पेशंटला त्रास काय होतो?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन हातातून घेतला.

"काही नाही हो. झोक जातो जरा."